गाणे कोणाचे?

घरात वाढदिवस असला म्हणजे पाट मांडावा, पाटाभोवती रांगोळी काढावी, मुलास ओवाळून त्याच्या हातावर काही गोडधोड ठेवावे, ही आपल्याकडील जुनी रीत. आता औक्षणाच्या जोडीला केक आला आणि केकच्या पाठोपाठ एक इंग्रजी गाणेही घरोघर आले. ‘हॅपी बर्थडे टू यू’ हेच ते गाणे. ते अवघ्या चार ओळींचे; त्यांतही तीन ओळी एकसारख्या. ते कोणी कोणास मुद्दाम शिकवीत नाही. ज्याच्या गळ्यात सूर आहे तो ते म्हणतोच, आणि ज्याच्या गळ्यात सूर नाही तो ते अधिकच मोठ्याने म्हणतो.

हे गाणे कोणाचे, असे कोणी विचारले तर ऐकणारे हसतील. वाऱ्याला का कोणी मालक असतो? परंतु या गाण्याला मालक होता. निदान आपण मालक आहोत असे सांगणारी एक मोठी कंपनी अमेरिकेत होती. चित्रपटातील एखाद्या पात्राने केक कापला आणि भोवतालच्यांनी हे गाणे म्हटले, की त्या चित्रपटाच्या निर्मात्यास या कंपनीकडे पैसे भरावे लागत. हा प्रकार २०१५ सालापर्यंत चालू होता. तो कसा सुरू झाला आणि कोणी थांबविला, ही हकिकत मोठी मनोरंजक आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचे शहर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिल आडनावाच्या बहिणी राहत होत्या. थोरली मिल्ड्रेड ही संगीतात निष्णात होती. धाकटी पॅटी ही एका बालशाळेची मुख्याध्यापिका होती. सकाळी मुले वर्गात आली म्हणजे त्यांचे स्वागत करण्यासाठी पॅटीला एक गाणे हवे होते. त्या काळी प्रचलित असलेली गाणी चिमुकल्या गळ्यांस झेपत नसत. कोठे सूर फार उंच जाई, तर कोठे शब्दच तोंडात बसत नसत. तेव्हा दोघी बहिणींनी असा क्रम ठेवला, की मिल्ड्रेडने चाल बांधावी, पॅटीने शब्द रचावेत आणि दुसऱ्या दिवशी ते गाणे वर्गात मुलांसमोर ठेवावे. मुले जेथे अडखळत, तेथे चाल पुन्हा सोपी केली जाई. सर्वांत लहान मुलालाही सहज म्हणता येईपर्यंत ही मोडतोड चाले. आज जगातील कोणीही माणूस ते गाणे एकदा ऐकून म्हणू शकतो, याचे रहस्य त्या वर्गात आहे. ते गाणे थोर संगीतकारांनी नव्हे, तर अडखळणाऱ्या मुलांनी तपासून पास केलेले होते.

बहिणींची ही गाणी १८९३ साली पुस्तकरूपाने शिकागो येथील क्लेटन समी नावाच्या प्रकाशकाने प्रसिद्ध केली. त्यांतील एक गाणे सुप्रभात चिंतणारे होते. ‘गुड मॉर्निंग टू ऑल’ असे त्याचे नाव. चाल तीच, आज आपण जी वाढदिवसाला ऐकतो. पुढे त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द केव्हातरी बसविले गेले. ते आपणच शाळेतील मुलांसाठी बसविले, असे पॅटीने पुढे साक्षीत सांगितले. तथापि ते शब्द कागदावर उतरण्यापूर्वीच मुलांच्या तोंडी झाले होते आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, एका गावातून दुसऱ्या गावात पसरत चालले होते. आपल्याकडील भोंडल्याची गाणी अशीच पसरली. ती कोणी रचली हे कोण सांगणार?

गाणे लोकप्रिय झाले, तशी त्याची किंमतही लोकांच्या ध्यानात आली. १९३३ साली अमेरिकेतील वेस्टर्न युनियन या तार कंपनीने तार गाऊन पोहोचविण्याची सोय सुरू केली, तेव्हा पहिली गाती तार याच गाण्याची होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील एका संगीत नाटकात ते गाणे गायिले जाऊ लागले. नाटकास गर्दी होत होती, परंतु हिल कुटुंबास त्यातून काहीच मिळत नव्हते. मिल्ड्रेड १९१६ सालीच निवर्तली होती. तेव्हा जेसिका नावाच्या तिसऱ्या बहिणीने न्यायालयात दाद मागितली. तिची तक्रार रास्त नव्हती असे कोण म्हणेल? आपल्या बहिणीची चाल वापरून दुसऱ्याने पैसे मिळवावेत आणि घरच्यांस त्यातील एक दमडीही मिळू नये, हा न्याय नव्हे. १९३५ साली समी कंपनीने गाण्याच्या काही पियानो-रचनांची सरकारदरबारी नोंद करून घेतली. घोटाळा झाला तो येथपासून.

परंतु पुढचे सांगण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. शब्दांवर आणि सुरांवर हक्क असतो म्हणजे नेमके काय? सुताराने पाट केला आणि विकला, की त्याचे दाम त्यास मिळाले; व्यवहार संपला. तो पाट एका वेळी एकाच घरात राहू शकतो. कवितेचे तसे नाही. कवीने ती एकदा लिहून छापली, की कोणीही तिच्या हजार प्रती काढाव्या. कवीच्या घरातून काहीच उचलून नेलेले नसते, आणि तरीही त्याची कमाई बुडालेली असते. छापखाने आले, तेव्हा हा प्रश्न प्रथम उत्कटतेने उभा राहिला. म्हणून १७१० साली इंग्लंडमध्ये एक कायदा अंमलात आला. नव्या पुस्तकाच्या प्रती काढण्याचा हक्क ग्रंथकाराकडे चौदा वर्षे राहावा, ती संपताना ग्रंथकार हयात असल्यास आणखी चौदा वर्षे राहावा, आणि त्यानंतर ते पुस्तक कोणासही छापता यावे, अशी त्यात तरतूद होती. प्रती काढण्याचा अधिकार म्हणून आपण त्यास प्रताधिकार म्हणतो. जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असे, ते याच अधिकाराला उद्देशून.

त्या कायद्यात मुदत घातलेली होती, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. विहीर खणणाऱ्याने श्रम केले, तेव्हा काही वर्षे त्याने पाण्याचे दाम घ्यावेत. पुढे ती विहीर गावाची व्हावी, असा हा करार होता. दाम मिळाले नाहीत तर विहिरी कोण खणणार? आणि विहीर कायमचीच एकाची राहिली तर गावाने प्यावे काय? प्रताधिकाराचे सारे वाद या दोन प्रश्नांच्या मध्ये कोठेतरी होत असतात.

भारतात आज जो कायदा आहे तो १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आला. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क चालावा, असे त्यात प्रथम ठरले होते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ सालच्या अखेरीस संपावयाचा होता. तो हक्क त्यांनी स्थापन केलेल्या विश्वभारती या संस्थेकडे होता. त्या सुमारास कायद्यात बदल करून पन्नासांची साठ वर्षे करण्यात आली, आणि तो नियम सर्वच लेखकांस लागू झाला. हा हक्क मिळण्यासाठी कोठे अर्ज करावा लागत नाही की मोहोर उमटवून घ्यावी लागत नाही. सहावीतील एखाद्या मुलीने स्वतः कविता रचून वहीत लिहिली, तर त्या क्षणापासून त्या कवितेचा प्रताधिकार तिचा असतो. मात्र हक्क असतो तो रचनेवर. नुसत्या कल्पनेवर नव्हे. लबाड कोल्ह्याची गोष्ट कोणीही लिहावी. दुसऱ्याने लिहिलेली तशीच उतरून मात्र काढू नये.

आणखी एक गोष्ट अशी, की हा हक्क विकता येतो. येथेच पुष्कळदा मूळ कर्ता मागे पडतो. हिंदी चित्रपटांतील गाण्यांचेच पाहा. गीतकार गाणे लिही, संगीतकार चाल लावी आणि ठरलेली रक्कम घेऊन दोघेही बाजूस होत. पुढे ते गाणे नभोवाणीवर वाजो, ध्वनिमुद्रिकेवर खपो, उत्पन्न दुसऱ्याकडे जाई. चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, तसा करार नसल्यास, निर्माता होय, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ साली सांगितले. जन्मभर लोकांस गाणी देऊन म्हातारपणी ओढग्रस्तीत दिवस काढणारे कलावंत त्या काळी थोडे नव्हते. २०१२ साली संसदेने कायदा सुधारला. गाणे चित्रपटगृहाबाहेर इतरत्र वाजविले गेले, तर त्याच्या मानधनातील बरोबरीचा वाटा गीतकारास आणि संगीतकारास मिळालाच पाहिजे, आणि तो हक्क त्यांना लिहून देता येणार नाही, असे ठरले. गरजेपोटी माणूस वाटेल त्या कागदावर सही करतो, हे ओळखून केलेली ही तरतूद आहे. या सुधारणेसाठी कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रह धरला होता.

आता पुन्हा वाढदिवसाच्या गाण्याकडे वळावे. समी कंपनीचे पुढे रूपांतर होत गेले, आणि १९८८ साली ती वॉर्नर या प्रचंड व्यवसायसंस्थेने सुमारे अडीच कोटी डॉलरांना विकत घेतली. तिच्याबरोबर हे गाणेही आले. या एका गाण्यापासून दरवर्षी सुमारे वीस लाख डॉलर मिळत, असे म्हटले जाते. त्यांतील काही वाटा हिल कुटुंबाच्या इच्छेनुसार बालशिक्षणाच्या एका संस्थेकडे जाई, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील नियमाप्रमाणे १९३५ पासून पंच्याण्णव वर्षे मोजली, तर हा हक्क २०३० सालापर्यंत चालणार होता. घरी गाणे म्हणणाऱ्यास कोणी अडवीत नसे. परंतु उपाहारगृहांचे चालक सावध झाले. गिऱ्हाइकाचा वाढदिवस असला, तर तेथील नोकर टाळ्या वाजवीत भलतेच एखादे गाणे म्हणत. चित्रपटांतून वाढदिवसाच्या प्रसंगी हे गाणे गाळले जाई किंवा त्याच्या जागी दुसरेच जुने गाणे घातले जाई. मोठ्या निर्मात्यांस ही रक्कम जड नव्हती. अडचण होती ती एकट्यादुकट्याने, पदरमोड करून चित्रपट काढणाऱ्यांची.

अशांपैकी एक होत्या जेनिफर नेल्सन. त्या माहितीपट काढीत असत. गंमत अशी, की त्या चित्रपट काढीत होत्या तो या गाण्याच्याच इतिहासावर. गाण्यावरील चित्रपटात गाणे वाजणारच. कंपनीने दीड हजार डॉलर मागितले. न दिल्यास आणि हक्क मोडल्याचे ठरल्यास दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागण्याचा धोका होता. नेल्सनबाईंनी पैसे भरले. पण या गाण्यावर कंपनीचा हक्क तरी आहे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. रॉबर्ट ब्राउनेस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वीच या गाण्याच्या जुन्या कागदपत्रांचा शोध घेऊन, हा हक्क बहुधा केव्हाच संपला असावा, असा दीर्घ निबंध लिहिला होता, आणि जमविलेली कागदपत्रे इंटरनेटवर सर्वांस पाहावयास खुली केली होती. हा आधार मिळताच २०१३ च्या जून महिन्यात नेल्सनबाईंच्या संस्थेने कंपनीवर दावा लावला. आपल्यासारख्या सर्वांचे पैसे परत मिळावेत आणि गाणे सर्वांचे आहे असे जाहीर व्हावे, अशी त्यांची मागणी होती.

दावा दोन वर्षे चालला. २०१५ च्या जुलैत, निकाल तोंडावर आला असता, कंपनीकडून कागदपत्रांचा एक गठ्ठा फिर्यादीच्या वकिलांच्या हाती आला. त्यात शाळांसाठी छापलेल्या एका गीतसंग्रहाचे पान होते. पानावर वाढदिवसाचे गाणे होते. मात्र शीर्षकाखालील एक ओळ इतकी पुसट होती, की ती वाचता येईना. एवढीच एक ओळ पुसट का असावी? वकिलांनी ते पुस्तक शोधावयास सुरुवात केली. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात त्याच्या जुन्या प्रती सापडल्या आणि शोध घेता घेता १९२२ सालची आवृत्ती हाती लागली. तीत ती ओळ स्वच्छ होती. समी कंपनीच्या सौजन्याने व खास परवानगीने, एवढाच तिचा आशय. प्रताधिकाराची सूचना मात्र कोठेही नव्हती. त्या काळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे अशी सूचना न छापता पुस्तक प्रसिद्ध केले, तर हक्क लयास जाई. म्हणजे १९३५ सालच्या ज्या नोंदीवर कंपनी बोट ठेवीत होती, तिच्या तेरा वर्षे आधीच हे गाणे छापून मोकळे झालेले होते! ग्रंथालयाच्या कोठारात धूळ खात पडलेल्या एका पातळशा पुस्तकाने एवढी खळबळ उडवून दिली.

२२ सप्टेंबर २०१५ रोजी लॉस एंजेलिस येथे न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी निकाल दिला. तो त्यांनी त्याहूनही मूळच्या मुद्द्यावर दिला. १९३५ साली कंपनीस जो हक्क मिळाला तो पियानोवर वाजविण्याच्या विशिष्ट रचनांचा. गाण्याच्या शब्दांवरील हक्क हिल भगिनींनी कंपनीस दिल्याचा पुरावाच नाही, असे त्यांनी म्हटले. चालीवरील हक्क तर फार पूर्वीच संपला होता. पुढे २०१६ साली तडजोड झाली. कंपनीने एक कोटी चाळीस लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले आणि गाणे सर्वांस मोकळे झाले. ऐंशी वर्षे लोक पैसे भरीत होते, आणि कागद दाखवा असे विचारणारे कोणी निघाले नव्हते. मोठ्या कंपनीशी भांडण्यापेक्षा दीड हजार भरलेले बरे, असा हिशेब प्रत्येक जण करीत असला पाहिजे. असा हिशेब शहाणपणाचा खरा. परंतु अन्याय टिकतो तो पुष्कळ वेळा अशाच शहाणपणावर.

नेल्सनबाईंसारख्या एकट्या कलावंतांस आज इंटरनेटचा मोठा आधार झाला आहे. पूर्वी पुस्तक वाचकांपर्यंत न्यावयाचे तर प्रकाशक हवा, छापखाना हवा, दुकानदार हवा. चित्रपट दाखवावयाचा तर चित्रपटगृहाच्या मालकाची मर्जी हवी. या दारांपाशी पुष्कळांची कला अडून राही. आता खेड्यातील शाहिराने आपला पोवाडा भ्रमणध्वनीवर चित्रित करून संध्याकाळी इंटरनेटवर ठेवला, तर सकाळी तो दुबईतील वा लंडनमधील मराठी माणूस ऐकू शकतो. मधले सारे दारवान दूर झाले, असे प्रथम सर्वांस वाटले. पण दारे संपली नाहीत, ती बदलली. ज्या संकेतस्थळांवर लोक आपल्या चित्रफिती ठेवतात, त्यांचे मालक आता नवे दारवान झाले आहेत, आणि त्यांच्या दारावर माणसाऐवजी यंत्र उभे आहे.

यूट्यूब या प्रसिद्ध संकेतस्थळाने २००७ पासून असे यंत्र वापरावयास आरंभ केला. मोठ्या कंपन्या आपली गाणी व चित्रपट त्यास नमुन्यादाखल देऊन ठेवतात. कोणीही नवी चित्रफीत आणली, की यंत्र ती नमुन्यांशी ताडून पाहते. जुळणी झाली तर ती फीत अडविली जाते किंवा तीवरील जाहिरातींचे उत्पन्न कंपनीकडे वळविले जाते. दररोज येणाऱ्या असंख्य फिती माणसांनी तपासणे शक्य नाही, हे खरेच. परंतु यंत्र सारखेपणा ओळखते. रास्तपणा ओळखत नाही. ऑस्ट्रेलियातील एका संगीतकाराने दहा तास चालणारा नुसता खरखराट, रेडिओचे केंद्र लागत नसताना येतो तसा, तयार करून यूट्यूबवर ठेवला होता. २०१८ च्या जानेवारीत त्यावर एक नव्हे, पाच जणांच्या हक्काच्या तक्रारी लागल्या! हा आमचा खरखराट आहे, असे जणू त्यांचे म्हणणे. बोभाटा झाल्यावर त्या मागे घेतल्या गेल्या. पण प्रत्येक लहान कलावंताचा बोभाटा वर्तमानपत्रांपर्यंत जात नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मराठीत पुस्तकाची एक आवृत्ती पुष्कळदा हजाराच्या आसपास प्रतींचीच असते. ती खपावयास वर्षे लागतात. अशा पुस्तकाची पाने कोणी यंत्राने टिपून भ्रमणध्वनीवरून शेकडो जणांस पाठविली, तर पाठविणाऱ्यास आपण वाचनाचा प्रसार केला असे वाटते. ज्यांनी लिहिले आणि ज्यांनी पदरचे पैसे घालून छापले, त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे मात्र दार बंद होते. येथे लुबाडणारी मोठी कंपनी नसते. लुबाडणारे पुस्तकाचे प्रेमीच असतात, ही त्यातील खेदाची गोष्ट आहे.

मग वापरावे तरी काय आणि किती? आपल्या कायद्याने याचा बराच विचार केलेला आहे. शाळेतील मुलांनी व शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात नाटक बसविले किंवा गाणे म्हटले आणि पाहावयास शाळेतील मंडळी, पालक व उपक्रमाशी संबंधित माणसेच असली, तर नाटककाराचा हक्क मोडला असे होत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनास ही सवलत आहे. तेच नाटक चित्रित करून इंटरनेटवर ठेवले, तर प्रेक्षक साऱ्या जगातले झाले. तेथे लेखकास विचारले पाहिजे. लग्नाच्या वरातीतील वाजंत्रीलाही कायद्याने मोकळीक दिली आहे, आणि तरीही लग्नघरी जाऊन पैसे मागण्याचे प्रकार घडू लागले, तेव्हा २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारला तशी जाहीर सूचना काढावी लागली.

याहून महत्त्वाचा प्रसंग दिल्लीत घडला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात छायाप्रती काढून देणारे एक लहानसे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र बांधून तेथे विद्यार्थ्यांस स्वस्तात मिळत. ती पुस्तके इतकी महाग, की सारी विकत घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. २०१२ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था व आणखी एक प्रकाशक यांनी त्या दुकानाविरुद्ध व विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अध्यापनासाठी अशा प्रती काढण्यास कायद्यात मुभा आहे, आणि प्रताधिकार हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, अशा अर्थाचे मत न्यायाधीशांनी नोंदविले. पुढे अपील झाले. त्यातही अध्यापनाची मुभा मान्य झाली, आणि २०१७ साली प्रकाशकांनी आपणहून माघार घेतली. आपली पुस्तके या दुकानात मिळावीत असे सांगणारे काही लेखक व विद्वानही त्या वेळी विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले होते.

मुदत संपून मोकळ्या झालेल्या ग्रंथांची गोष्ट निराळी. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. साठ वर्षांची मुदत २०१० च्या अखेरीस संपली आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांचे ग्रंथ सर्वांचे झाले. ‘श्यामची आई’ आता कोणीही छापू शकतो, इंटरनेटवर ठेवू शकतो, आंधळ्यांसाठी वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

काही कर्ते तर मुदत संपण्याची वाटच पाहत नाहीत. माझे लिखाण घ्या, वाटा, फक्त माझे नाव गाळू नका, असे ते आधीच लिहून देतात. असे लिहून देण्याचे सोपे नमुने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने २००२ साली तयार केले. २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील लेख आज याच रीतीने सर्वांस खुले आहेत.

ज्या गाण्यांचा कर्ताच ठाऊक नाही, त्यांचे काय? पहाटे जात्यावर बसून दळताना महाराष्ट्रातील बायका ओव्या गात. त्यांत सासर-माहेर असे, विठ्ठल असे, भाऊ असे, दुष्काळ असे. त्या ओव्यांची कोठे नोंद नव्हती, आणि पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती थांबली तशा त्या विरत चालल्या. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून त्या लिहून घेतल्या, काही ध्वनिमुद्रितही केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आहेत. हे संकेतस्थळ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केले असून ते कोणासही विनामूल्य वाचता येते. ओव्यांचे काम हाती घेतल्यावर तेथील मंडळी पुन्हा त्या गावांत गेली. पूर्वी ज्यांचा आवाज टिपला होता, त्यांपैकी काही बाया आता थकल्या होत्या, काही हयात नव्हत्या. ज्या भेटल्या, त्यांची छायाचित्रे घेतली, त्यांच्याकडून ओव्या पुन्हा ऐकल्या. त्या ओव्या त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी त्यांना दिलेल्या होत्या. मालकी सांगावी अशी त्यांच्यापाशी एकही चिठ्ठी नव्हती. संकेतस्थळावर मात्र ओव्यांसोबत त्या गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव लिहिलेले असते.